वरातीचं कलम

खोली बघायला गेले, तेव्हा आक्कांनी भाड्याचं बोलायच्या आधी मला कपाट दाखवलं. मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट. त्यांनी दार उघडलं, टांगलेल्या साड्या हाताने एका बाजूला सारल्या आणि मागे सरकल्या. आत तीन बंदुका उभ्या होत्या. तिन्हींच्या चापाच्या कड्यांतून एक साखळी ओवली होती आणि साखळीला कुलूप होतं.

"घरात हे हाय," त्या म्हणाल्या. "परवान्याचं हाय, चोरीचं न्हाय. भ्या वाटत असंल तर आत्ताच सांग. मागनं कटकट नको."

मी मूळची रत्नागिरीकडची. कोल्हापुरात एका कॉलेजात गणित शिकवायला आले होते. बंदूक तोवर बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावरच पाहिलेली. मी विचारलं, "आणि काडतुसं?"

"न्हाईतच. मालक गेल्यापासनं एकबी आणलेलं न्हाय."

मी खोली घेतली. माझी बदली होईपर्यंत त्यांच्याच माडीवर राहिले.

आक्का शाहूवाडीकडच्या एका खेड्यातल्या पाटील घराण्याच्या थोरल्या सूनबाई. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याला घेऊन त्या कधीच्या काळी गाव सोडून शहरात आल्या, हे राजारामपुरीतलं साधं दोन मजली घर घेतलं, आणि नवरा गेल्यावर एकट्याच राहिल्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा की भाजीवाल्याशी बोलल्या तर तीन घरांना भाव कळावा. बोलताना त्या भागातल्या कितीतरी बायकांसारख्या "मी आलो, मी गेलो" असंच म्हणायच्या. मला नावाने कधी हाक मारली नाही. मी "मास्तरीण".

नवरा गेला, तेव्हा तिन्ही बंदुका धाकट्या दिराच्या नावावर जातील, हे सगळे धरूनच चालले होते. बाईमाणसाला बंदूक कशाला हवी? पण आक्कांनी वारस म्हणून स्वतः अर्ज केला. कचेरीतल्या साहेबांनी त्यांना समोर बसवून विचारलं, "बाई, तुम्ही काय करणार बंदुकीचं?"

"काय न्हाय करणार," आक्का म्हणाल्या. "म्हणून तर पायजे."

साहेब हसले म्हणे. परवाना मात्र मिळाला. त्यासाठी त्यांना बंदूक कशी धरायची, कशी उघडायची हे शिकावं लागलं. चष्मा सावरत, पदर खोचून त्या कशा शिकल्या असतील याचं मला नवल वाटायचं. त्या मात्र शिवणयंत्र शिकल्यासारखं सांगायच्या.

निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आक्का त्या दिवसाची वाट बघायच्या. तिन्ही बंदुका सतरंजीत गुंडाळून, दोरीने बांधून, ठरलेल्या रिक्षात घालून त्या ठाण्यावर जायच्या आणि येताना केळी घेऊन यायच्या. दोन हजार एकोणीस साली आधी लोकसभेला आणि मग विधानसभेला अशी त्यांची दोनदा वारी झाली.

"इलेक्शनात मला झोप चांगली लागती," त्या म्हणाल्या.

"मग कायमच्याच देऊन टाका की कुणाला तरी," मी म्हणाले.

"दिल्या तर त्यो कोणतरी वाजीवणार. माझ्या नावावर हायत तवर कुणाच्या हातात न्हाईत."

महिन्यातून एकदा त्या बंदुका पुसायच्या. तपासणीला गंज दिसला तर बोलणी बसतात, म्हणून. पुढच्या खोलीत, दार सताड उघडं टाकून, सगळ्या गल्लीसमोर. सासऱ्यांची ठासणीची जुनी बंदूक आणि एक नळीची, या दोन्ही त्या उघड्या हाताने पुसायच्या. तिसरी, दोन नळ्यांची, पदर हाताला गुंडाळूनच धरायच्या. मला वाटायचं, तेलाचे डाग पडतील म्हणून असेल. पण तेल तर पदरालाच लागायचं.

त्यांचा दुसरा छंद संसद. बायका मालिका बघतात तशा आक्का संसदेचं कामकाज बघायच्या. तांदूळ निवडत, मेथी मोडत, डोळ्यांत थेंब घालून पडल्या असतील तर नुसतं ऐकत. अध्यक्ष आले आणि सभागृह उठून उभं राहिलं की आक्काही उठायच्या. मांडीवर सूप असलं तर ते बाजूला ठेवून.

"समदी उठल्यात. मी एकटीच बसून कशी ऱ्हाऊ?"

खासदारांची नावं त्या लक्षात ठेवत नसत. कोण कुठल्या बाकावर बसतं ते त्यांना पाठ होतं. "त्यो खांबाजवळचा रोज येतोय, पर त्वांड उघडत न्हाय," असं त्या शेजारच्या लेकराबद्दल बोलावं तशा बोलायच्या. विधेयक आधी मांडतात, मग चर्चा, मग कलमवार मतं, मग दुसऱ्या सभागृहात, मग राष्ट्रपतींची सही, हा सगळा क्रम त्या बघून बघून शिकल्या होत्या. एकदा मी विचारलं, हे सगळं कशासाठी? त्या म्हणाल्या, "मला एका गोष्टीची वाट बघायची हाय. ती येतीया का बघतोय." कुठली गोष्ट ते सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

ती गोष्ट दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात आली. शस्त्रांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक येणार, अशी बातमी फुटली. तोवर एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. आता एकच ठेवायची, बाकीच्या जमा करायच्या, असा प्रस्ताव होता. आक्कांच्या गावाकडे खळबळ उडाली. तिकडे उसात, भातात रानडुकरं शिरतात, डोंगरातून गवे उतरतात, आणि ज्यांच्याकडे वाडवडिलांच्या बंदुका आहेत त्यांना त्या देवघरातल्या टाकासारख्या. संसदेतलं कळणारं माणूस भावकीत एकच, म्हणून सगळे आक्कांकडे यायला लागले. दर चार दिवसांनी कुणीतरी पायऱ्यांवर चपला काढायचं.

त्यांचे धाकटे दीर मात्र नेमाने यायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. उंच, पांढरी टोपी, मिशा काळ्या केलेल्या, आणि वहिनीपुढे आवाज खाली. त्यांच्याबरोबर गावातले एक निवृत्त सुभेदार असत. सुभेदारांची एकच बंदूक, तीही शहरात पहारेकऱ्याची नोकरी करायला घेतलेली. त्यांना विधेयकाचा काहीच फटका नव्हता. ते चहाला आणि आबांच्या सोबतीला यायचे.

"डुकरं रानात घुसली तर आता काय विधेयक वाचून दावायचं का त्यास्नी?" सुभेदार म्हणाले.

"तुमच्या रानात डुकराला खायाला हाय काय?" आक्का म्हणाल्या. सुभेदारांनी चहाचा कप उचलला.

आबांनी एक निवेदन लिहून आणलं होतं. सगळ्या परवानाधारकांच्या सह्या घेऊन ते खासदारांना द्यायचं होतं. आक्कांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि तसंच परत दिलं.

"वैनी, तुमच्या तर तीन हायत. सगळ्यांत जास्त तुमचंच जाणार."

"जाऊ दे की."

विधेयक लोकसभेत आलं त्या दिवशी मला दुपारनंतर तास नव्हता. घरी आले तर पुढच्या खोलीत आबा, सुभेदार आणि आक्का टीव्हीपुढे बसलेले. आक्का खुर्चीत ताठ. हातात भाजी नव्हती, सूप नव्हतं. मी त्यांना असं रिकाम्या हाताने बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. चर्चा लांबली. कुणी शेतकऱ्यांचं बोललं, कुणी खेळाडूंचं, कुणी वारशाने आलेल्या हत्यारांचं. आणि शेवटी सरकारनेच आपला प्रस्ताव सैल केला. एकाच्या जागी दोन ठेवता येतील, असं ठरलं. आवाजी मतदान झालं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मोठा श्वास सोडला. "सुटलो," ते म्हणाले. सुभेदारांनी, आपलं काही सुटलेलं नसताना, मान डोलावली.

थोडा वेळ गेल्यावर आबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "वैनी, आता असं हाय. तुमाला एक कमी करायलाच लागतीया. माझ्याकडं एकच हाय. म्हंजे माझ्या नावावर अजून एक बसती. दादाची दोन नळ्यांची मला द्या. सरकारात घालून काय करायचं? औंदा पोराचं लगीन हाय. वरातीला दादाची आठवण म्हणून दोन बार काढतो."

 आक्का माझ्याकडे वळल्या.

"मास्तरीण, तुझ्या फोनात ते विधेयक हाय न्हवं? त्यातलं वरातीचं कलम वाच."

मला कलम शोधायला वेळ लागला. सापडल्यावर मी इंग्रजी वाचत वाचत मराठीत सांगितलं. लग्नात, मिरवणुकीत, समारंभात आनंदाच्या भरात बंदूक झाडून कुणाच्या जिवाला धोका आणला, तर तो गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही.

"दोन वर्सं," आक्का म्हणाल्या. "लै न्हाय. पर लिवलंय तरी."

मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. सांगत होत्या मला, पण नजर दिरावर होती.

आबांच्याच लग्नाची गोष्ट. वरात गावात आली होती. कोडोलीहून बँड बोलावला होता. आक्कांचा नवरा, थोरला भाऊ, घोड्याच्या पुढे दोन नळ्यांची बंदूक घेऊन चालत होता. घरासमोरच्या देवळापाशी त्याने एक बार वर काढला. लोक ओरडले, अजून एक, अजून एक. तो थोडा प्यायलेला होता. दुसरा बार काढताना तो वळला, कुणाला तरी हसून काही बोलला, आणि नळी खाली होती. पहिल्या ओळीत क्लॅरोनेट वाजवणारा माणूस रस्त्यात बसला.

"मी वट्यावर आरतीचं ताट घिऊन उभा हुतो," आक्का म्हणाल्या. "समदं बघितलं. त्यो गेला. आनि अर्ध्या तासानं मी त्याच ताटानं ह्येंच्या बायकूला ववाळून घरात घेतलं."

आबांनी मान खाली घातली होती.

"पोलीस आलं. समद्यांनी सांगितलं, बंदूक पडली, आपूआप उडली. मला इचारलं. मी म्हणलं, मी आत चुलीपाशी हुतो. सासूनं शिकीवलं तसं. मालक सुटलं. पुन्ना बंदुकीला हात लावला न्हाय त्यांनी, पर टाकलीबी न्हाय. मरूस्तवर तिच्याकडं बघत बसलं."

खोलीत टीव्ही तसाच चालू होता. सुभेदारांनी उठून तो बंद केला.

"वैनी," आबा म्हणाले, "झाल्यालं उकरून आता काय मिळतंय? दादाचा काय दावा हुता काय त्याच्याशी? हौस हुती ती."

"व्हय. तवा त्याला हौस म्हणायचं," आक्का म्हणाल्या. "आता गुन्हा म्हणत्यात. मी एवढ्याचीच वाट बघत हुतो. बंदूक तुमाला मिळायची न्हाय, आबा."

आबा टोपी घालून उठले. पायऱ्या उतरून गेले. पुढच्या दिवशी राज्यसभेतही विधेयक मंजूर झालं. त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. मतदान झाल्यावर आक्कांनी टीव्ही बंद केला आणि आत जाऊन भात लावला.

पुतण्याचं लग्न फेब्रुवारीत झालं. त्या लग्नात बार निघाला नाही. कायद्याच्या भीतीने की वहिनीच्या, ते आबांनाच माहीत. त्यानंतर त्यांचं येणं मात्र थांबलं. पत्रिकासुद्धा गड्याच्या हाती आली होती.

मग टाळेबंदी आली. बाहेर पडायला मोकळीक मिळाली तसं आक्कांनी मला विचारलं, "मास्तरीण, येतीस का ठाण्यावर?" या वेळी सतरंजीत एकच बंदूक होती, दोन नळ्यांची. ठाण्यातल्या फौजदारांनी ती बघितली आणि समजावलं, "आजी, ही चांगल्या स्थितीत आहे. ठासणीची ठेवून काय करणार? ती जमा करा, ही ठेवा."

"हीच घ्या," आक्का म्हणाल्या.

जमा केलेली बंदूक पुन्हा कुणाच्या नावावर चढत नाही, असं त्यांनी आपल्या मनाशी समजून घेतलं होतं. कायद्यात ते तसंच आहे का, मला सांगता येणार नाही. पावती मिळाली. मी उठले. आक्का उठल्या नाहीत.

"आजून एक काम हाय," त्या फौजदारांना म्हणाल्या. "मला जबाब द्यायचाय. मागं खोटा दिलता."

फौजदाराने सगळं ऐकून घेतलं. तरुण होता तो, त्या वरातीच्या वेळी जन्मलाही नसेल. तो नीटच बोलला. प्रकरण मिटलेलं आहे, आरोपी हयात नाहीत, ते ठाणंही हे नव्हे. आता नव्याने जबाब घेऊन काही होणार नाही. "आणि कुणासाठी, आजी?"

"लिवून तर घ्या," आक्का म्हणाल्या. हट्टाने नाही, विनंती करावी तशा.

शेवटी त्याने एका महिला हवालदाराला बोलावलं. तिने कोरा कागद घेतला आणि आक्का सांगतील ते लिहीत गेली. मग वाचून दाखवलं. "...दुसऱ्या वेळी माझ्या पतीच्या हातून बंदूक सुटून..."

"सुटून न्हाय," आक्का म्हणाल्या. "सुटती ती गाय. त्यांनी झाडली. झाडली असं लिवा."

हवालदाराने खोडून लिहिलं. आक्कांनी सही केली. तो कागद कुठल्या फायलीत गेला, की कुठेच गेला नाही, मला ठाऊक नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता घरी जाऊ. आक्का रिक्षावाल्याला म्हणाल्या, "स्टँडवर घे."

"कुठे जायचं?"

"कोडोलीला."

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. कोडोलीत उतरल्यावर कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. बुद्धविहाराच्या मागची गल्ली त्यांना बरोबर ठाऊक होती. नंतर कळलं, त्या पूर्वी दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेल्या होत्या.

घर पक्कं होतं, नवा रंग दिलेला. दारात एक म्हातारी बाई शेंगा फोडत बसली होती. आतून सुनेचा आवाज येत होता. भिंतीवर लाल कोट घातलेल्या एका तरुण माणसाचा फोटो होता, हातात क्लॅरोनेट.

"कोण पावणं?" म्हातारीने विचारलं.

आक्कांनी गावाचं नाव सांगितलं, मग घराण्याचं. म्हातारीचे हात थांबले. तिने बसा म्हटलं नाही. आक्का उभ्यानेच बोलल्या.

"तुमच्या मालकास्नी माझ्या नवऱ्यानं बंदूक झाडून मारलं. मी वट्यावरनं बघितलं. आनि पोलिसाला मी घरात हुतो म्हणून सांगितलं. आज खरं काय ते ठाण्यात लिवून दिऊन आलोय."

सून दारात येऊन उभी राहिली. म्हातारी आक्कांच्या तोंडाकडे बघत होती. रागावेल, ओरडेल असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "कुणी मारलं ते आमाला ठावं हाय. पंचक्रोशीला ठावं हाय. पर बघितलंय म्हणणारं कोण आलं न्हवतं आजवर."

आणि मग तिने विचारलं, "लगीच गेला का त्यो? काय बोलला का?"

आक्कांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यांनी दाराची चौकट धरली.

"लगीच न्हाय," त्या म्हणाल्या. "खाली बसला. हातातलं वाजिवणं सोडलं न्हवतं. पाणी मागितलं त्यानं, दोनदा. मी ताट ठिऊन तांब्या उचलला. सासूनं हात धरला. म्हणाली, शकुनाच्या टायमाला वट्यावरनं उतरू नगं. मी उतरलो न्हाय."

"मंग?"

"मंग कुणीतरी त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं. बँडवालाच हुता एक. तुमचं नाव घेतलं त्यानं. मला तवा ठावं न्हवतं ते तुमचं नाव हाय. त्याच्या आयचं का भनीचं असंल वाटलं. मागनं कळलं."

म्हातारीने तोंडावर पदर घेतला. आवाज आला नाही. शेंगांची टरफलं तिच्या मांडीवरून खाली पडत होती. सून पुढे येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. रस्त्याने एक दूधवाला घंटा वाजवत गेला.

पदर बाजूला केल्यावर म्हातारी सुनेला म्हणाली, "ह्यास्नी पाणी दे."

"चहा ठेवू का?" सुनेने विचारलं.

"न्हाय. पाणी दे."

सुनेने स्टीलच्या तांब्यात पाणी आणलं. आक्कांनी तो दोन्ही हातांनी घेतला. ओठांशी नेला आणि तशाच थांबल्या. म्हातारी त्यांच्याकडेच बघत होती. मग आक्का प्यायल्या, थांबत थांबत, पण तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.

"पुन्ना येऊ नगा," म्हातारी म्हणाली. "पर आला ते बरं केलं."

"व्हय," आक्का म्हणाल्या आणि चपला घालायला वाकल्या.